गालाने पाहिलेला ताप

४ मार्च, सोमवार

ही डायरी लेकीने दिली. म्हणाली, "आई, रोजची गाऱ्हाणी हिच्यात लिहीत जा. माझ्या कानांना जरा सुट्टी." नववा लागलाय तिला. जावई जहाजावर नोकरीला, बाळ आल्यावरच पोचेल, म्हणून गेल्या आठवड्यापासून ती आमच्याकडे राहायला आली आहे. पुढच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर, मागच्या दोन खोल्यांत मी, हे आणि आता ती. मध्ये एकच दार. आजपासून त्या दाराला दिवसभर कडी. पुढची नाकं मागे जाता कामा नयेत.

आज निम्मी पोरं शेंबूड घेऊनच आली. आयांना विचारलं की सगळ्यांचं एकच, "काही नाही हो आजी, आत्ता रस्त्यातच शिंकला." रस्त्यात शिंकला म्हणे. रात्रभर कण्हत असेल आणि सकाळी तापाचं औषध पाजून माझ्या दारात आणून उभा केला असेल. मला काय कळत नाही? इतकी वर्षं दारात बसून पोरं घेतेय. आधी नाक बघायचं, मग डोळे, मग खाली बसून पोराला कुशीत घ्यायचं आणि त्याच्या कपाळाला आपला गाल लावायचा. थर्मामीटर चुकेल, माझा गाल चुकत नाही. ताप असला की पोर तसंच परत. रडो, भेको, आईची नोकरी जावो.

आज दोघांना परत पाठवलं. धाकटी जाऊ, जी माझ्याबरोबर पाळणाघर बघते, ती म्हणाली, "ताई, तुम्ही सीमेवर असायला हव्या होत्या."

संध्याकाळी आंघोळ करून, कपडे बदलून मगच कडी काढली. लेकीजवळ बसले तर तिने विचारलं, "तुझा घसा अजून खवखवतोय?" आठवडा झाला ह्या घशाला. सतरंज्या झटकते ना मी, त्याची धूळ.

७ मार्च, गुरुवार

इंजिन खोकायला लागली.

इंजिन म्हणजे कंडक्टरीणबाईंची तीन वर्षांची पोरगी. दिवसभर तोंडाने भुर्र करत खोलीला फेऱ्या मारते म्हणून जावेने हे नाव ठेवलं. आईच्या ड्यूट्या आडनिड्या, त्यामुळे सकाळी सगळ्यात आधी येते आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी जाते. तेवढा वेळ माझ्या मांडीला चिकटलेली. दुपारी सगळी पोरं गादीवर झोपतात, ही माझ्या मांडीवर, तोंड माझ्या हनुवटीखाली घालून. मला पाय हलवायची सोय नाही.

आज झोपेतच खोकत होती. साधा नाही, एकामागून एक. संध्याकाळी आईला म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर ती म्हणाली, "आजी, सर्दी आहे, जाईल." गणवेशातच होती, पाय सुजलेले, खांद्यावर तिकिटांची बॅग. तिच्याशी काय वाद घालणार?

मागच्या महिन्यात पोरांच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, पोरांची टोचणी वेळेवर आहेत ते चांगलं, पण तुम्ही मोठ्यांनीही एकदा टोचून घ्या, घरात बाळ येणार आहे. लहानपणच्या टोचणीचा जोर मोठेपणी उतरतो म्हणे. लेकीने सातव्यातच घेतलं होतं. ह्यांनी घेतलं, जावेने घेतलं. मला कुठला वेळ, पाळणाघर काय माझा बाप बघणार होता? आणि मला काय धाड भरली आहे.

११ मार्च, सोमवार

काल रविवार असून दिवसभर खेळणी धूत होते. बाहुल्या, ठोकळे, चाकं, झुनझुने, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. एका बदकाचा पार चेंदा झाला. चादरी भिजवल्या, दाराचे कडी-कोयंडे पुसले, फरशी फिनेलने दोनदा. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली आहेत. जाऊ म्हणते, "ताई, रोग आपल्या मागे हात धुऊन लागलाय आणि आपण नुसते हातच धुतोय."

फिनेलने मला उबळ येते. आली की थांबत नाही, डोळ्यांतून पाणी, शेवटी पित्त पडल्यासारखं होतं. मग तासभर काही नाही, चांगली ठणठणीत. ताप नाही, कणकण नाही. आजारी माणूस असा असतो का?

इंजिन आजही खोकत होती. आज भात खाईना, म्हणून मीच भरवला. गरम होता, एकेक घास फुंकून दिला. तिला दिला की शेजारच्या दोघा जुळ्या भावांनीही तोंडं पुढे केली, मग तिघांना फुंकून फुंकून. मांजरांच्या पिल्लांना भरवते आहे असं वाटत होतं.

ह्यांनी काल आपली गादी उचलून पुढे पोरांच्या खोलीत नेली. म्हणे तिथली फरशी पाठीला बरी पडते. चाळीस वर्षं संसार केल्यावर पाठीला फरशी आठवली. नेऊ देत, मलाही पाय पसरायला जागा झाली.

१५ मार्च, शुक्रवार

आज मन खट्टू आहे, पण दुसरा मार्ग नव्हता.

दुपारी इंजिनला खोकता खोकता ओकारी झाली. चेहरा जांभळा, श्वास आत ओढताना कसलासा आवाज. मी घाबरले. तिला धरून बसले, पाठ चोळली. आणि त्याच वेळी मागच्या दाराआडून लेकीच्या चपलांचा आवाज आला. ह्या दाराच्या अलीकडे हा खोकला आणि पलीकडे ते पोटातलं बाळ.

संध्याकाळी कंडक्टरीणबाईला सांगितलं, बरी होईपर्यंत आणू नकोस. ती जिन्यातच बसली. म्हणाली, "आजी, मी कुणाकडे ठेवू तिला? घरी कोण आहे माझ्या?"

"ते मला नको सांगूस. माझ्या घरात बाळ येणार आहे."

"माझ्या घरात पण बाळच आहे," ती म्हणाली.

ती उठली, पोरीला कडेवर घेतलं. पोरगी माझ्याकडे हात पसरत होती, तिला वाटलं रोजच्यासारखा पापा मिळेल. मी घेतला नाही. आता कानाला खडा, खोकणाऱ्या पोराला उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

संध्याकाळी भांडी आवरताना जाऊ म्हणाली, "ताई, तुम्हीही एकदा दाखवून घ्या ना." मी म्हटलं, बाई गं, मला दाखवायला वेळ असता तर मी लग्नातले फोटो नसते का दाखवले तुला?

१८ मार्च, सोमवार

इंजिन घरी गेली, पण खोकला इथेच. आता जुळे. आधी एक, दुपारी दुसरा. जाता जाता पेरून गेली पोरगी. गेलेल्या पोराला बोल लावणं बरं नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी दारात आणखी कडक केलं. आता गाल एकदा नाही, दोनदा लावते, एकदा आत घेताना आणि एकदा झोपवताना. ताप कुणालाच नाही, हेच तर कोडं. ताप नसताना खोकला, म्हणजे माझ्या गालाला पकडायला काही नाहीच.

दोन आया आज पोरं घेऊन आल्याच नाहीत. एकीने निरोप पाठवला, पाळणाघरात साथ आहे असं ऐकलं. ऐकलं. कुणी सांगितलं असेल? कंडक्टरीणबाईनेच. बसमध्ये दुसरं काय बोलणार?

इतकं केलं, तरी नाकी नऊ. रात्री पडलं की छाती दुखते, बरगड्या धुणं आपटल्यासारख्या. पलीकडच्या खोलीत लेक झोपलेली, म्हणून तोंडावर उशी दाबून खोकते. तिला झोप हवी.

२० मार्च, बुधवार

लेकीचं काहीतरी बिनसलंय.

परवा तिने मला मास्क आणून दिला. "धुळीचा त्रास होतो ना तुला, घालून बस." मी झाडताना घातला आणि मग खुंटीला लावला. पोरं मास्क बघून रडतात. तिने खुंटीवरचा मास्क बघितला आणि काही न बोलता आपल्या खोलीत गेली. आता जेवणही तिथेच घेते. मी ताट घेऊन गेले तर म्हणते, "ठेव दाराशी, मी घेते." मी काय हॉटेलातली वेटर आहे?

आज म्हणाली, "आई, उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुझ्यासाठी." मी म्हटलं, आधी तुझं होऊ दे, मग माझी मोडतोड बघू. ती म्हणाली, "हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतेय." मग एकदम म्हणाली, "सासूबाईंना एकटं वाटतं. मी बाळ होईपर्यंत तिकडे जाते."

तिची खोली मी दोन महिने आधी रंगवून घेतली होती. पाळण्याला नवी दोरी. विहीणबाई चांगल्या आहेत, माझ्यापेक्षा शांत आहेत, त्यांच्याकडे धूळ नाही, पोरं नाहीत. हे सगळं खरं. पण एकटं वाटतं म्हणे. मुलाचं लग्न झालं तेव्हापासून त्या एकट्याच आहेत, त्यांना आत्ताच वाटायला लागलं?

बाळंतपण जवळ आलं की बायका लहरी होतात. मीही झाले असेन.

२१ मार्च, गुरुवार

गेली. ह्यांनी सामान उतरवलं. रिक्षात बसायच्या आधी म्हटलं, पोटातल्या बाळाशी दोन शब्द बोलावेत. वाकले तर ती झटकन मागे सरली. मग तिचे डोळे भरून आले. मग माझेही. ह्यांनी रिक्षावाल्याला म्हटलं, चला. ह्या माणसाला बायका रडायला लागल्या की घाई सुटते.

मागच्या दाराची कडी आज दिवसभर उघडीच होती. कुणाला जपायचं आता?

२५ मार्च, सोमवार

जावेने मला न विचारता डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आधी राग आला, मग तेवढी ताकद राहिली नाही.

त्यांनी जुळ्यांना तपासलं, आणखी एका पोरीला तपासलं, बराच वेळ खोकू दिलं आणि कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, हा डांग्या खोकला वाटतोय. इंजिनच्या आईलाही तिथूनच फोन करून दवाखान्यात बोलावलं.

मी म्हटलं, शक्य नाही, सगळी खेळणी उकळलीत. त्या म्हणाल्या, "खेळणी उकळलीत ते चांगलंच, सर्दी-जुलाबाला उपयोगी पडेल. हा मात्र श्वासातून जातो. तोंडाजवळ तोंड नेऊन कुणी खोकलं, की झालं. टोचलेल्या पोरांना सहसा हलका होतो, मोठ्या माणसांना तर कळतही नाही, वाटतं साधा रेंगाळलेला खोकला आहे. पण टोचणीच्या वयाच्या आधीचं अगदी तान्हं बाळ असेल तर त्याला फार जड जातो."

"तान्हं बाळ" हे शब्द ऐकले आणि मला उबळ आली. आली ती थांबेचना. टेबल धरलं, खाली बसले, डोळ्यांपुढे काजवे. शेवटी घशातून तोच आवाज निघाला, इंजिनचा. पोरं खेळायची थांबून बघत होती. जुळ्यांतला एक म्हणाला, "आजीपण भुर्र."

डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. मग विचारलं, "हा खोकला कधीपासून?"

मी म्हटलं, फिनेलचा आहे. जाऊ म्हणाली, "फेब्रुवारी सरता सरता सुरू झाला. पोरांच्या आधी." मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मी सांगत होते."

तपासणीसाठी खोकणाऱ्या पोरांच्या आणि माझ्या नाकात लांब काडी घालून फिरवली, माझी तर थेट मेंदूला शिवून आली असं वाटलं. पाळणाघर बंद करायला सांगितलं. सगळ्यांना औषध सुरू, पोरांना, आईबापांना, आम्हा तिघांना. जाता जाता विचारलं, "पोरांचा ताप कसा बघता?" मी गाल लावून दाखवला. जावेच्या कपाळाला. त्यांनी नुसती मान हलवली, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मार्च, गुरुवार

तपासणीचं कळलं. डांग्या खोकलाच आहे. मला आहे, इंजिनला आहे, जुळ्यांना आहे.

मी दारात बसून पोरांना अडवत होते आणि कपाळाला गाल लावून एकेकाला रोग देत होते. घास फुंकून देत होते.

लेकीला फोन केला. सांगायचं ठरवून बसले तरी बराच वेळ नुसतंच जेवलीस का, झोपलीस का. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "माहीत होतं आई. पक्कं नाही, पण वाटत होतं. म्हणूनच इकडे आले."

"मग सरळ का नाही बोललीस?"

"बोलले. तू फिनेल म्हणालीस, धूळ म्हणालीस. अजून जोरात बोलले असते तर आपलं भांडण झालं असतं आणि तू ऐकलं नसतंसच."

खरं आहे. ऐकलं नसतं. उलट तिलाच चार शब्द सुनावले असते, पाळणाघर तू चालवतेस की मी.

तिकडे गेली त्याच दिवशी तिने तिच्या डॉक्टरांना सगळं सांगून औषध सुरू केलं होतं. आता तिला खोकला नाही. पण इथे होती तेव्हा लागलं असेल तर दिसायला वेळ लागतो म्हणे. आणि बाळ कधीही येईल. आता नुसती वाट बघायची. फोन वाजला की दुसरी घंटी व्हायच्या आत उचलते. माझ्या नातवंडाला मीच... पुढे लिहवत नाही.

१ एप्रिल, सोमवार

औषध संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेर पडायला हरकत नाही. मास्क लावून कंडक्टरीणबाईच्या घरी गेले. तिसरा मजला. वर गेले नाही, खालूनच हाक मारली. ती गॅलरीत आली, मग खाली उतरली. केस मोकळे, डोळे तांबारलेले.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या पोरीकडून नाही आलं, माझ्याकडून तिला गेलं. तिला हाकलायला नको होतं.

मी विचारलं, "इतके दिवस कुणाकडे ठेवलीस?"

"कुणाकडे ठेवणार? बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचे. खोकली की लोक सरकून बसायचे, गर्दी असली की सरकता पण यायचं नाही त्यांना."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत, शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती माणसं चढली असतील, किती उतरली असतील, कुणाच्या घरी तान्हं असेल. मी माझं एक दार बंद केलं होतं.

"मला माफ कर," मी म्हटलं.

"बोलून झालं ना आजी? मग मी जरा पडते, पहाटेची ड्यूटी आहे." दोन पायऱ्या चढून ती थांबली. "कधी उघडताय?"

"पुढच्या सोमवारी. डॉक्टरांनी हो म्हटलं तर."

"आणते," म्हणाली आणि वर गेली. चिडली असती, भांडली असती, तर मला घरी येताना हलकं वाटलं असतं.

४ एप्रिल, गुरुवार

मुलगी झाली.

विहीणबाईंचा फोन. दोघी सुखरूप. लेकीला खोकला नाही, ताप नाही. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मी गेले नाही. हे जाऊन आले. ह्यांना विचारलं कशी आहे, तर म्हणे, "लाल आहे. झोपलेली होती." नाक कुणाचं? "आहे नाक." केस? "टोपी होती." ह्या माणसाकडून बातमी काढायची म्हणजे दगडातून पाणी. शेवटी म्हणाले, "बोट धरलं माझं." आणि बराच वेळ आपल्याच बोटाकडे बघत बसले.

विहीणबाईंनी फोटो पाठवला. त्यात टोपी आणि गाल. गाल फार गुबगुबीत आहेत.

८ एप्रिल, सोमवार

पाळणाघर उघडलं. सगळी आली नाहीत. जी आली त्यांच्या आया दारात जरा घुटमळल्या, माझ्याकडे बघून मग जावेच्या हातात पोर दिलं. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर उंबऱ्यावरूनच परत फिरले असते.

आता थर्मामीटर, तोही जाऊ लावते. मी लांब खुर्चीवर, तोंडाला मास्क. भरवायचं काम तिच्याकडे, फुंकायचं नाही, ताटलीत पसरून गार करायचं. सोपं होतं की. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

इंजिन आली. अजून खोकते, पण तोंड उजळलंय. आल्या आल्या धावत माझ्या खुर्चीपाशी आली आणि मान वर करून कपाळ पुढे केलं. थांबली तशीच, डोळे मिटून. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने डोळे उघडले, वाट बघितली, मग भुर्र करत निघून गेली. मला दिवसभर काही सुचलं नाही.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी लेकीचा फोन, बाळ दोनदा शिंकलं आणि दूध पिताना मध्येच श्वास अडकल्यासारखं केलं. दवाखान्यात निघालोय. एवढं बोलून ठेवून दिला.

मी पोरांच्या खोलीत उभीच. जाऊ म्हणाली, ताई बसा. बसता येईना. स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं, उतू घालवलं. ह्यांनी चपला घातल्या आणि काढल्या, घातल्या आणि काढल्या. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

दुपार टळल्यावर फोन आला. नाक चोंदलंय नुसतं. नाकातूनही तपासलं, उद्या कळेल, पण डॉक्टरांना तसं वाटत नाही. श्वास चांगला, रंग चांगला, भूक तर विचारूच नका.

मी "बरं" म्हटलं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." मग दोघंही जेवायला बसलो आणि कुणीच जेवलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

नाही. बाळाला नाही.

१४ एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, आता तुमच्याकडून कुणाला काही लागायचं नाही, हा नुसता मागे राहिलेला खोकला आहे, अजून महिनाभर तरी छळेल. हे मी लेकीला सांगायच्या आधीच तिने त्यांना फोन करून विचारून घेतलं होतं. आज दुपारी तिने बोलावलं. "आई, ये ना बघायला. किती दिवस झाले."

संध्याकाळी गेलो. रस्ताभर हे माझ्या दोन पावलं पुढे. विहीणबाईंचं घर पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. दुकानाशी पोचलो आणि माझे पाय तिथेच थांबले. ह्यांना म्हटलं, तुम्ही जा वर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गेले.

जरा वेळाने फोन वाजला. "आई, कुठे आहेस? बाबा म्हणतात खाली उभी आहेस."

"इथूनच बघते."

"अगं, डॉक्टर हो म्हणाल्यात."

"त्या म्हणाल्यात. माझा धीर होत नाही गं."

फोन चालूच होता, आत विहीणबाई कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या, मग दार सरकल्याचा आवाज. लेक गॅलरीत आली. बारीक झालीये. हातात दुपटं. तिने ते कठड्याजवळ आणलं, टोपी काढली आणि बाळाचं तोंड माझ्या बाजूला केलं. काळेभोर केस. ह्यांनी हे केस मला का नाही सांगितले? तोंड वेडंवाकडं करून जांभई दिली माझ्या नातीने. मी फोनमध्ये म्हटलं, "जांभई दिली." लेक हसली, म्हणाली, "दिवसभर तेच काम."

तेवढ्यात छातीत गुदगुलायला लागलं. दाबून बघितलं, दबेना. ती वर, मी खाली, मध्ये अख्खा मजला आणि वारा, हे सगळं कळत होतं. तरी पाठ फिरवली आणि चालायला लागले. दुकान ओलांडलं, कोपरा ओलांडला, पलीकडच्या गल्लीत एका खांबाला धरून पोटभर खोकले. चांगलीच मोठी उबळ होती, डोळ्यांतून, नाकातून पाणी. एक माणूस थांबून विचारून गेला. नंतरही मी तिथेच उभी राहिले, उबळ परत येणार नाही ह्याची खात्री होईपर्यंत. वाटलं, ती आत गेली असेल. ओली बाळंतीण, किती वेळ उभी राहणार? आणि आपली आई अशी न सांगता चालू लागली म्हटल्यावर तिला तरी काय वाटलं असेल.

तोंड पुसून परत आले. लेक तशीच उभी होती. हात भरून आले होते, कोपर कठड्याला टेकलं होतं, पण बाळाचं तोंड तिने रस्त्याकडेच धरून ठेवलं होतं. मी पोटभर बघून घेतलं आणि मग हाताने खूण केली, ने आता तिला आत.